भोकं बुजवणारे मामा

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात भोक या गोष्टीचा माझ्या बायकोच्या मामांइतका राग दुसऱ्या कुणाला नसेल. मामा मूळचे मुरगूडचे. चाळीस वर्षं त्यांनी लाकडाला पॉलिश करण्याखेरीज काहीही केलेलं नाही. भिंतीतला खिळा निघाला की मागचं भोक बुजेपर्यंत त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. शेजाऱ्यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरटं आणलं आणि कौतुकानं पॉलिशला दिलं, तर मामांनी त्याचं दारच भरून टाकलं. चिमण्या आठवडाभर त्या चकचकीत छपरावर बसून भांडत होत्या म्हणे. मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही मामा पोहे बाजूला सारून सोफ्याच्या हातावरून हात फिरवत बसले. परतताना कुणीतरी विचारलं, ‘मामा, कसं काय वाटलं?’ ‘वरनं सागवान, आत निस्ता भुसा!’ मामा म्हणाले. ते सोफ्याबद्दल बोलताहेत हे कळेपर्यंत मेहुण्याचं तोंड पार उतरलं होतं.

पण हल्ली लोकांना दुकानातलं तयार फर्निचर लागतं. दोन वर्षांत मामांना कामाचं एकही बोलावणं नव्हतं. ते कधी बोलून दाखवत नसत, पण नव्या माणसाशी ओळख झाली की आधी त्याच्या घरच्या कपाटाची चौकशी करत.

अशात त्यांना माझ्या लेकीची इलेक्ट्रिक गिटार दिसली. जुनी घेतलेली, काळा रंग जागोजाग उडालेला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लेक पहिल्यांदाच वाजवणार होती. ‘ह्यो रंग हाय का डांबर?’ म्हणत मामांनी गिटार मागून घेतली. लेकीनं तारा, बटणं, चुंबकाच्या पट्ट्या काढून डब्यात ठेवल्या आणि नुसतं लाकडी धड त्यांच्या हवाली केलं. मामांनी रंग खरवडला आणि वर सागाचं विनियर, म्हणजे कागदासारखा पातळ पापुद्रा, सरस लावून मामींच्या इस्त्रीनं चिकटवलं. मामींच्या साड्यांना अजून त्या सरसाचा वास येतो. मग गडद रंग चोळायचा, घासून काढायचा आणि वर तांबडा चोळायचा, म्हणजे लाकडाची रेघ न् रेघ उठून दिसते. शेवटी लाखेचं पॉलिश. पंधरा दिवस मामा जेवायलासुद्धा धड उठले नाहीत, आणि मामी तक्रार करता करता खूश होत्या.

गॅदरिंगला दोन दिवस राहिले तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावून वरचं फडकं काढलं. काय सांगू! त्या लाकडात मला माझं टक्कल दिसलं. आणि त्यावर एकही भोक नव्हतं.

‘अठरा हुती!’ मामा छाती काढून म्हणाले. ‘दोन खड्डं तर वाटीएवढं. कुठल्या येड्यानं केलतं कुणास ठावं. समदी बुजीवली!’

लेकीचे डोळे भरून आले. ‘लई भारी झालंय, आजोबा,’ ती कशीबशी म्हणाली. मामांना ते आनंदाश्रूच वाटले. सांगायचं काम अर्थातच जावयावर आलं. ‘मामा, त्या खड्ड्यांत चुंबक बसतात. त्यांच्याशिवाय आवाजच येत नाही.’

मामांनी बुजवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. ‘म्हंजे मी मुकी केली की हिला,’ ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

लेकीनं फोनमधला जुना फोटो दाखवला. मामांनी पेन्सिलीनं खुणा केल्या आणि स्वतःच्याच पॉलिशवर पटाशी धरली. पहिला घाव घालताना त्यांनी डोळे मिटले. ‘अवो, डोळं उघडा की, बोट जाईल!’ मामी ओरडल्या. दोन दिवसांत सगळी भोकं परत पडली, पण एके ठिकाणी विनियरचा टवका उडाला. त्या लाजेनं मामा गॅदरिंगला आलेच नाहीत.

लेक झकास वाजवून गेली. आम्ही तिथून तडक मामांकडे गेलो. वाजवणं कसं झालं हे त्यांनी विचारलंच नाही. ‘कुणी इचारलं का गं, काम कुणी केलंय म्हणून?’

कुणीही विचारलं नव्हतं. स्टेजवरच्या निळ्या दिव्यांत ती गिटार पुन्हा काळीच दिसत होती.

‘सगळ्यांनी विचारलं,’ लेक म्हणाली. मग मलाही राहवलं नाही. ‘चारपाच जण तर घरचं सामान पाठवतो म्हणालेत.’

मामा उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन. ‘जावईबापू, ह्यांनी दारापुढचा सोपा धुऊन काढलाय, स्पिरिट आणलंय, सारखं रस्त्याकडं बघत्यात. कवा येणार ती मान्सं?’ इतक्या दिवसांत आपणच त्यांना एखादं काम द्यावं हे मला सुचलं नव्हतं, याची मनापासून लाज वाटली. संध्याकाळी आमचं जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या टेंपोत घातल्या आणि एका दोस्ताचं सामान म्हणून मामांच्या दारात उतरवल्या.

मामांनी टेबलाखालून हात फिरवला. त्यांनी ते ओळखलं असणारच, त्यावर ते कैक वेळा जेवलेत. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. ‘लाकूड चांगलं हाय,’ ते म्हणाले. ‘तुमच्या दोस्ताला म्हणावं, गडबड करू नगा.’

दोस्त गेला महिनाभर बायको-लेकीसकट जमिनीवर बसून जेवतोय. त्याची काहीही गडबड नाही.