मावशींनी निवडलेला मदतनीस

पहिल्याच फटक्यात उत्तर बरोबर आलं, की मावशींचा चेहरा पडायचा. एक्सेलमधला फॉर्म्युला चुकला तर बाई खुशीत. चूक हुडकायला त्यांना मनापासून आवडायचं. बरोबर आला, की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "बेटा, इतनी आसानी से नहीं मानता ये. कुठंतरी गडबड आहे, देख तो जरा." आणि बहुतेक वेळा ती असायची.

इंदूरला, पोलोग्राउंड भागात पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. मी जळगावहून नोकरीसाठी आलेला, त्या पिढ्यान्‌पिढ्या जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या. कोणता माल कुठे गेला, कुठून परत आला, याच्या सगळ्या एक्सेल शीट आणि त्यांतले फॉर्म्युले मावशी सांभाळत. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांचं वाक्य मराठीत निघायचं आणि हिंदीत पोचायचं, त्याचं मला सुरुवातीला हसू यायचं. "तुम्हा खानदेशवाल्यांची मराठी तरी कुठं शुद्ध आहे, भिया?" असं एकदा त्यांनी भैयाचा इंदुरी ‘भिया’ करून सुनावल्यावर मी हसायचं बंद केलं.

मावशींनी मुद्दाम एक खराब शीट बनवून ठेवली होती. तिच्यात महू गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, तारखा उलटसुलट, मध्येच सेल रिकामे. नवा फॉर्म्युला आधी हिच्यावर चालवायचा, मग खऱ्या कामावर, असा त्यांचा नियम. "माणसं अशीच लिहितात रे, क्या करें?" रिकाम्या सेलमध्ये कुणी आपल्या मनानं शून्य टाकलं, तर मात्र त्यांचा पारा चढायचा. "रिकामं म्हणजे शून्य नाही. रिकामं म्हणजे कुणीतरी भरायला विसरलं. जा, विचारून ये." असं म्हणून त्यांनी मला भर उन्हात शेडमध्ये कितीदा पिटाळलं असेल, सांगता येत नाही.

मग मालकांचा मुलगा कारभार पाहू लागला. आम्ही त्याला साहेब म्हणायचो. फॉर्म्युले लिहायला एआय मदतनीस घ्यायचा, असं त्यानं ठरवलं. तीन कंपन्यांचे मदतनीस चाचणीपुरते आणले आणि त्यांतला कोणता चांगला, ते सांगायचं काम मावशींवरच टाकलं. मावशींचा करार दरवर्षी नवा व्हायचा. मदतनीस आला की पुढचा करार होणार नाही, हे ऑफिसात सगळ्यांना कळत होतं. मावशींनाही. घरी त्या आणि ऐकू न येणारी थोरली बहीण, दोघीच. चार शब्द बोलायला त्यांना हे ऑफिसच होतं.

तरी त्या कामाला लागल्या, आणि अशा लागल्या, की मला राग येऊ लागला. तिन्ही मदतनिसांना त्या एकच प्रश्न विचारत, आणि तोही आपल्या भाषेत टाइप करून: "भिया, महूचा माल किती गेला, जरा देखो तो." दोन दिवसांत त्यांनी तिघांची नावंही ठेवली. पहिला घाईवाला, प्रश्न संपायच्या आत उत्तर हजर, आणि रिकामे सेल सगळे शून्य धरलेले. दुसरा गोडबोल्या, चूक दाखवली की भरभरून माफी मागायचा आणि तोच फॉर्म्युला पुन्हा पुढे करायचा. "जावई शोभतो अगदी," मावशी म्हणाल्या.

तिसरा चौकस. त्याला खराब शीट दिली, तेव्हा त्यानं फॉर्म्युला लिहिलाच नाही. उलट विचारलं, की हे सेल रिकामे आहेत ते माल गेला नाही म्हणून, की नोंद करायची राहिली म्हणून? मावशींनी तो प्रश्न दोनदा वाचला. "हे मला आजवर इथं कुणी विचारलं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी डबाही त्यांनी अर्धाच खाल्ला.

रिपोर्ट लिहायच्या दिवशी मी न राहवून म्हटलं, "मावशी, चौकसबद्दल थोडं वाईट लिहा ना. तिघंही बेकार आहेत म्हणा. निदान एक वर्ष तरी निघेल."

"कसं लिहू?" त्या म्हणाल्या. "त्यानं माझं काय वाकडं केलंय? काम चांगलं करतो बेचारा." चौकसला त्यांनी पहिला नंबर दिला आणि गोडबोल्याला घेऊ नका, असं स्पष्ट लिहिलं.

करार संपला. मावशींनी निरोपाच्या कचोऱ्या स्वतःच आणल्या, साहेबांनी शाल दिली आणि पाच वाजता त्या नेहमीसारख्या गेल्या. पुढच्याच महिन्यात ऑफिसात गोडबोल्या आला. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरबरोबर तो जवळजवळ फुकट मिळत होता. मावशींचा रिपोर्ट वेगळं सांगत होता, असं मी साहेबांना म्हटलं, तर ते म्हणाले, "कौन सा रिपोर्ट?" हल्ली दिवसभर मी गोडबोल्याच्या चुका दुरुस्त करतो आणि त्याच्या माफ्या वाचतो.

परवा जुनी इंदूरला त्यांच्या घरी गेलो. मावशी वाळल्या होत्या. समोर टीव्ही चालू होता, बहीण तो पाहत होती आणि मावशी भिंतीकडे. मला पाहून एकदम बोलू लागल्या, थांबेचनात. पाण्याचा पेला हातात देताना त्यांनी विचारलं, "कोणता घेतला मग शेवटी?"

"चौकस," मी म्हटलं.

त्या हसल्या. मी आल्यापासून पहिल्यांदाच. "मला धास्ती होती, त्या गोडबोल्यालाच आणतील म्हणून. चला, बरं झालं. सांगितलेलं काम नीट केलं, तर माणसं ऐकतात रे." मग थोडं लाजतच म्हणाल्या, "त्याला माझा नमस्कार सांगशील? हसू नकोस. बस, लिहून टाक, मावशींनी विचारलंय म्हणून."

"उद्या ऑफिसात गेलो, की आधी तेच करतो," मी म्हणालो.