पाठपुराव्याची तारीख

भुताखेतांची पुस्तकं मी आयुष्यभर फक्त कपाटात लावली. जामसंड्याच्या एका शाळेत मी ग्रंथपाल होतो. मुलं ती पुस्तकं मागायची, मी काढून द्यायचो, आणि मनात म्हणायचो — वाचा बाबांनो, मोठे झालात की हसाल. मी स्वतः असल्या गोष्टींवर कधीच विश्वास ठेवला नाही. हे लिहायला तीन आठवडे लागले. दर वेळी राग यायचा आणि पेन ठेवून द्यायचो. राग अजून तसाच आहे, तो लपवत नाही.

शुभांगी माझी धाकटी बहीण. धामापूरच्या पुढच्या एका गावात दिलेली. घरात नवरा, दीर, सासू आणि दहा वर्षांची ईशा. मारहाण नव्हती... हे वाक्य तेव्हा सगळ्यांनी मोठ्या समाधानाने म्हटलं, मीही. पण तिचा मोबाइल दिराकडे असायचा. माहेरी यायचं तर परवानगी. आजारी पडली तर "नाटकां करता". गेल्या जूनमध्ये ती एकटी मालवणला एका संस्थेच्या कुटुंब सल्ला केंद्रात गेली आणि अर्ज देऊन आली. बाजारामागच्या दोन खोल्या, भिंतीवर बायकांच्या हक्कांची पोस्टर्स, कोपऱ्यात पाण्याचा माठ.

मग संयुक्त बैठक झाली. एका बाजूला ते दोघे भाऊ, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं, मध्ये मुख्य मॅडम. शुभांगी म्हणाली, "माका थंय जावचा नाय."

मॅडम हसल्या. "अहो ताई, भांड्याला भांडं लागायचंच. मुलीकडे बघा जरा."

दीर म्हणाला, "आमी काय वाघ आसंव, तिका खावक?"

त्यावर सगळे हसले. शुभांगीने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तू तरी बोल मा कायतरी."

मी म्हटलं, "जुळवन घे गो."

समझोता लिहिला गेला. साक्षीदार म्हणून सही माझी. तीन महिन्यांनंतरची पाठपुराव्याची तारीख मॅडमनी फाईलवर टाकली.

ऑगस्टमध्ये शुभांगी गेली. भाताच्या चिखलात काम करून लेप्टो झाला, पावसात उंदरांमुळे पसरतो तो ताप. पाच दिवस तापात घरातच ठेवलं. सहाव्या दिवशी हॉस्पिटलात नेलं, तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. बाराव्याला मी विचारलं, ईशाला आमच्याकडे नेऊ का? "आमचा पोर आमी बघू," सासू म्हणाली. मी मान हलवून परत आलो. संस्थेला कळवलं नाही. कळवून काय करायचं होतं?

सप्टेंबरात, गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी परत गेल्यावर, एका सकाळी साडेअकराला फोन आला. "सर, मी केंद्रातून श्रद्धा बोलतेय. शुभांगीताई आज तारखेला आल्या होत्या, आत्ताच गेल्या. मुलीला ताप आहे म्हणाल्या. तुम्हाला कळवायला सांगितलंय."

मी तिला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात कधी तसं बोललो नव्हतो. फोन ठेवला, स्कूटर काढली आणि मालवणला निघालो. खरं सांगतो — ईशाच्या तापाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मला भांडायचं होतं.

श्रद्धा कुडाळची मुलगी. पंधरा दिवसांपूर्वी नोकरीला लागलेली, आमच्यापैकी कुणालाही न ओळखणारी. शुभांगी दीड महिन्यापूर्वी वारली, हे मी सांगितल्यावर तिने समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "नाही हो सर... इथेच बसल्या होत्या. फाईलवर फोटो आहे ना, तो बघूनच मी ओळखलं. पाऊण तास बोलल्या."

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"मी काही नाही सांगितलं. त्या बोलत होत्या, मी लिहून घेत होते."

तिने फाईल माझ्यापुढे सरकवली. शाई ताजी होती. 'अर्जदार स्वतः हजर. मुलीस तीन दिवस ताप, दवाखान्यात नेलेले नाही. मुलीस त्या घरात ठेवू नये असे म्हणणे. भावास आजच कळवावे. इथे पुन्हा येऊ नको, लोक बघतात, असे भावाने सांगितले होते, तरी आल्याबद्दल अर्जदाराने माफी मागितली.'

ते मी बोललो होतो. बैठक संपल्यावर, खाली रस्त्यावर, फक्त तिला. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

भांडण तिथेच राहिलं. श्रद्धाला मागे बसवून मी तडक त्या गावाला गेलो. दीर पडवीत बसला होता. "मास्तर, बरी आठवण इली भाचीची! इतके दिवस खंय होतास?" मी आत गेलो. ईशा कांबळ्यात काकडत होती, डोळे लाल.

"पोरांका ताप येताच," सासू म्हणाली. "काढो दिलो आसा."

श्रद्धा म्हणाली, "आज तिला दवाखान्यात नेऊ दिलं नाहीत, तर मी इथून पोलिसांना फोन लावते." वीस-बावीस वर्षांची पोर ती. मी पन्नाशी ओलांडल्यावरही असं वाक्य कधी बोललो नव्हतो. दीर बाजूला झाला. आम्ही रिक्षा बोलावली. लेप्टोच निघाला. वेळेत आणली, म्हणाले डॉक्टर.

आठवड्याने मुख्य मॅडमनी बोलावलं. "सर, एवढं लिहून द्या, नव्या मुलीकडून नोंद करताना चूक झाली म्हणून. आमची तपासणी असते. मयत व्यक्ती हजर... कसं दिसेल ते?"

"तिने काहीही चुकीचं लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे शुभांगीचं म्हणणं धडपणे लिहिलेलं तेवढं एकच पान आहे." आणि उठलो. कागदावर सही केली नाही.

मी शंका काढून पाहिल्या. शेजारची एखादी बाई शुभांगीचं नाव सांगून गेली असेल? पण मग फोटो? आणि ते वाक्य? त्या वाडीतून त्या दिवशी मालवणला कोणी गेलंच नव्हतं, हे मी घरोघर विचारलं.

ईशा आता आमच्याकडे असते. तिला कायमचं ठेवायचे कागद चालू आहेत, त्यासाठीही श्रद्धाच हेलपाटे घालते. परवा पेज जेवताना ईशाने विचारलं, "मामा, माका ताप इलो ता तुका कोणी सांगल्यान?"

"तुझ्या आवशीन," मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि अजून लोणचं मागितलं.

भेटणारे म्हणतात, भाग्यवान तुम्ही, बहीण लेकीला राखायला आली. मला राग येतो. शुभांगी कशी आली, ते मला माहीत नाही, आणि कोणी समजावून देईल असंही वाटत नाही. पण माझं घर तिला ठाऊक होतं. दार दिवसभर उघडं असतं. तरी ती माझ्याकडे आली नाही, जिथे तिला परत पाठवलं त्याच ऑफिसात जाऊन बसली. ते का, हे मात्र मला कोणी समजावून द्यायची गरज नाही.