जुन्या पत्त्यावर आलेला मेल

"फडके, आपला सर्व्हर गिऱ्हाइकांना आपल्याकडून गेलेल्या माणसांचे पत्ते वाटत सुटलाय. कोणाच्या परवानगीने?"

देवधर साहेबांचा हा फोन मला स्वारगेटच्या चौकात आला. मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "साहेब, तिकडेच येतोय. समोर बोलू."

"या. आणि येताना उत्तर घेऊन या."

देवधर साहेबांची कंपनी मार्केट यार्डाच्या मागे. ते इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवतात. यार्डातल्या कित्येक गाळ्यांवर त्यांचेच काटे आहेत. त्यांच्या मेल सर्व्हरचं काम मी बघायचो. नोकरीत नव्हे, वर्षाच्या करारावर. त्याला सगळे एएमसी म्हणतात. सगळं जग आपला मेल क्लाउडवर टाकून मोकळं झालं, तरी यांचा सर्व्हर स्टोअररूमशेजारच्या कपाटात घरघरत होता. "भाड्याच्या घरात राहणाऱ्यांतला मी नाही," असं साहेब अभिमानाने सांगायचे. घर त्यांचं, झाडलोट माझी.

त्या सुमारास कंपनीने आपला एक विभाग खराडीच्या दुसऱ्या कंपनीला विकला. प्रयोगशाळांसाठी नाजूक तराजू बनवणारा विभाग. तराजूंबरोबर माणसंही गेली. जाता का म्हणून कोणाला विचारलं नाही. शुक्रवारी सांगितलं, सोमवारपासून खराडीला हजर व्हा. ओळखपत्र, लॅपटॉप आणि कंपनीचं सिमकार्ड तिथल्या तिथे जमा करून घेतलं.

या सिमकार्डाचं थोडं सांगायला हवं. आपल्याकडे नोकरदार माणूस कंपनीचा नंबर आणि कंपनीचा मेल हीच आपली ओळख समजतो. मुलांची शाळा, गॅस, बँक, सोसायटी, सगळीकडे तोच देऊन ठेवतो. कंपनीच्या नावाचा मेल दिला की समोरचा जरा नीट बोलतो, असाही एक समज आहे. कंपनी आपल्या बापाची नाही, हे शेवटच्या दिवशी कळतं. मी इतक्या कंपन्यांत हे बघितलंय, की हल्ली मला कीवसुद्धा येत नाही, राग येतो.

तर माणसं गेली. आता त्यांच्या जुन्या पत्त्यावर येणाऱ्या मेलचं काय करायचं, हा माझा प्रश्न. सर्व्हरला तीन गोष्टी सांगता येतात. एक, आलेला मेल गुपचूप नव्या पत्त्यावर पाठवून दे. दुसरी, मेल घेऊच नकोस, पण पाठवणाऱ्याला सांग की हा माणूस इथून गेला, त्याचा नवा पत्ता अमुक. जुन्या काळी पोस्टमन पाकिटावर शेरा मारून परत करायचा, तसंच. यासाठी सर्व्हरमध्ये एक तक्ता असतो. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. तिसरी गोष्ट, मेल घे, कोणाला काही सांगू नकोस आणि आपल्याकडेच ठेव.

मी दुसरी निवडली होती. तीच सरळ. मेल पोचला नाही हे पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं आणि कुठे पाठवायचा तेही कळतं. जाणाऱ्या लोकांना कँटीनमध्ये गोळा करून मी स्वतः सांगितलं होतं, "काळजी करू नका. जो कोणी जुन्या पत्त्यावर लिहील, त्याला तुमचा नवा पत्ता आपोआप मिळेल."

नेमकं हेच देवधर साहेबांना खुपलं होतं. नाशिकच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने वजनकाट्याच्या तक्रारीबद्दल खराडीला गेलेल्या वानखेडे मॅडमना मेल केला. सर्व्हरने त्याला सांगितलं, मॅडम गेल्या, नवा पत्ता हा. गिऱ्हाइकाने तिकडे लिहिलं आणि तिकडच्यांनी त्याला आपला माल दाखवला.

"वीस वर्षं जपलेलं गिऱ्हाईक तुमच्या सर्व्हरने हातात धरून पलीकडे नेऊन सोडलं," साहेब म्हणाले.

"साहेब, सर्व्हर खोटं बोलला नाही."

"मी कुठे खोटं बोलायला सांगतोय? गप्प बसायला सांगतोय."

त्यांना तिसरी गोष्ट हवी होती. गेलेल्या सगळ्यांचे मेल एका पेटीत पडायचे आणि सेल्सचा निखिल ती पेटी बघणार. पाठवणाऱ्याला एक अक्षर कळता कामा नये.

मी म्हटलं, "निदान एक ओळीचं उत्तर जाऊ द्या. 'या व्यक्ती आता इथे नाहीत.' नवा पत्ता नका देऊ हवं तर."

"नको. नाहीत म्हटलं की गिऱ्हाईक शोधायला लागतं."

"पण लोकांना वाटेल की मेल पोचला."

"पोचलाच की. आपल्याकडे."

मी हे लेखी मागितलं. त्यांनी एका ओळीचा मेल पाठवला. मी तक्त्यातली नावं काढली आणि सगळे पत्ते त्या एका पेटीकडे वळवले. चाचणीचा मेल टाकला, तो बिनबोभाट आत गेला. काम व्यवस्थित झालं, हे सांगतानाही मला आज संताप येतो.

पावसाळा संपत आला तेव्हा वानखेडे मॅडमचा फोन आला. त्या मूळच्या अमरावतीच्या. लग्नानंतर पुण्यात आल्या. सर्व्हिसच्या तक्रारींचं सगळं काम त्या बघायच्या. बोलणं अगदी मोजकं, शुद्ध पुणेरी.

"सर, माझ्या जुन्या मेलवर काही आलंय का, ते बघाल का?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. "मॅडम, तो आता कंपनीचा मेल आहे. साहेबांना विचारावं लागेल."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्या आणि त्यांचे मिस्टर बरीच वर्षं मूल दत्तक घेण्याच्या यादीत होते. नंबर लागला की दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाई कळवतात, मुलाची माहिती पाठवतात आणि दिलेल्या मुदतीत होकार द्यावा लागतो. नाही दिला, तर मूल पुढच्या जोडप्याला दाखवतात. यांचा नंबर लागला होता. बाईंनी फोन केला, तो कंपनीच्या सिमवर. ते सिम साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. मग त्यांनी मेल केला. मेल परत आला नाही. बाईंनी साहजिकच धरलं की पोचला आणि या जोडप्याला मूल नको आहे. मुदत गेली. मुलगी दुसऱ्या घरी गेली.

"मला कधी कळलं, तर नवा नंबर द्यायला मी संस्थेत गेले तेव्हा. तुम्ही म्हणाला होतात ना सर, आपोआप नवा पत्ता मिळेल म्हणून? त्या भरवशावर मी नवा नंबर कळवायला जरा निवांतच गेले."

मी सांगितलं तेव्हा ते खरं होतं. नंतर ते खोटं करून घेतलं गेलं आणि मॅडमना तेही कोणी कळवलं नाही. मीही नाही.

"आता मुलगी मिळणार नाही, ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण उत्तर नाही म्हणजे नकार, असं त्यांनी लिहिलंय. आम्ही यादीत तळाला गेलो. माझं वय बघता तळातून वर यायला वेळ नाही, सर. संस्थेतल्या बाई चांगल्या आहेत. त्या म्हणतात, मेल तुमच्यापर्यंत पोचलाच नाही असं कंपनीने लेटरहेडवर लिहून दिलं, तर आमची जागा परत मिळावी म्हणून त्या वर विनंती करतील. एवढंच हवंय."

एवढंच. दोन ओळींचं पत्र.

मी त्याच दुपारी मार्केट यार्डाकडे गेलो. आधी पेटी उघडली. मेल तिथे होता. पण मला वाटलं होतं तसा न उघडलेला नव्हता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडून 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवलेला होता.

निखिलला विचारलं. निखिल वाईट मुलगा नाही.

"हो सर, मी वाचला होता. आपल्या कामाचा नव्हता, म्हणून इतरमध्ये टाकला."

"अरे, वाचलास ना? मग काय आहे ते कळलं नाही?"

"कळलं ना सर."

"मग मॅडमना फोन करायचा!"

"साहेबांनी सांगितलंय, तिकडच्या लोकांशी अजिबात संपर्क ठेवायचा नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही काढायला लावलं आम्हाला." तो खाली बघत राहिला. "मला वाटलं, त्यांना दुसरीकडूनही कळलं असेल."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकदा 'अरेरे' असंही म्हणाले.

"पण फडके, कोणाचे पर्सनल मेल आपण उघडत नाही. प्रायव्हसी असते."

"उघडलाय, साहेब. निखिलने."

"असं?" त्यांनी चष्मा काढला. "मग तर पत्र देताच येणार नाही."

"का?"

"का काय? आम्ही तुमचा मेल घेतला, वाचला आणि ठेवून दिला, असं लेटरहेडवर लिहून देऊ? उद्या तिकडची कंपनी तेच पत्र घेऊन कोर्टात उभी राहील. अहो, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? जरा डोकं चालवा."

"वाचल्याचं लिहू नका. पोचला नाही एवढंच लिहा."

"कंपनीच्या मेलवर असले घरगुती व्यवहार करायचेच कशाला? चूक कोणाची?"

मी स्वतः हेच लोकांना सांगत आलोय. तेच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि किळस आली.

मी माझ्या सहीचं पत्र दिलं. सर्व्हरची नोंद जोडली. कोणता मेल कधी आला, कोणत्या पेटीत गेला, मॅडमचा त्या पेटीशी संबंध नव्हता, सगळं साध्या मराठीत लिहिलं. संस्थेतल्या बाईंनी ते वर पाठवलं. उत्तर आलं की कंपनीशी करार असलेल्या बाहेरच्या माणसाचं पत्र ग्राह्य धरता येत नाही. नियमाने ते बरोबरच असेल. सगळ्यांचं सगळं नियमाने बरोबर होतं.

पत्र पाठवलं त्याच दिवशी मी कोणाला न विचारता जुना तक्ता परत लावला होता. साहेबांना ते कळायला आठवडा लागला आणि माझा करार संपायला एक फोन. आता तिथे दुसरा माणूस आहे. सर्व्हर पुन्हा गप्प बसतो, असं ऐकतो.

काम सोडायच्या आधी मी मॅडमना फोन केला होता.

"तो मेल तुम्हाला पाठवू का? तुमचाच आहे. त्याला मुलीचा फोटो जोडलेला दिसतोय. मी उघडलेला नाही."

"फोटो कायले पाठवता सर?" त्या एकदम म्हणाल्या. पुण्यात इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी अमरावती पहिल्यांदा ऐकली. मग त्यांनी आवाज सावरला. "मजकूर पाठवा. फोटो काढून टाका. एवढं करता येतं ना तुम्हाला?"

येतं. मी केलं.

तळाला का होईना, त्यांचं नाव यादीत आहे. मध्यंतरी खराडीला गेलो असताना त्यांना भेटलो. संस्थेत आता कोणता मेल दिलाय, असं विचारलं. त्यांनी तिथल्या कंपनीचा पत्ता सांगितला. नंबरही कंपनीचाच. माझा पाराच चढला. मी म्हटलं, "अहो मॅडम, एवढं होऊनसुद्धा? आत्ता इथे बसल्या बसल्या तुमचा स्वतःचा मेल उघडून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"उघडून बघू कुठे, सर? ऑफिसात बाहेरचा मेल उघडू देत नाहीत आणि घरी मिस्टरांचा फोन सगळ्यांच्या हातात असतो. सासूबाईंची भजनं त्याच्यावर, पुतण्याचे गेम त्याच्यावर. मेल आला की वर नाव झळकतं. घरात अजून कोणालाच माहीत नाही आमचं. मूल हातात आल्याशिवाय सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. आधी कळलं तर ते होऊच देणार नाहीत." त्या थोडं हसल्या. "ऑफिसचा मेल निदान ऑफिसमध्ये राहतो."

मी मेल उघडून दिला नाही. खाली उतरताना त्यांच्या सर्व्हरचं काम बघणाऱ्या माणसाला गाठलं. तरणाबांड, हुशार, कानात वायर. त्याला म्हटलं, उद्या इथून कोणी गेलं तर त्याचा पत्ता मुका करू नकोस. मेल नाकार, पण नाकारला असं सांग. एखाद्याचं आयुष्य त्यावर असू शकतं.

त्याने अदबीने ऐकून घेतलं.

"सर, टेक्निकली काहीच इश्यू नाही," तो म्हणाला. "पण पॉलिसी मॅनेजमेंट ठरवतं."