अकरा वर्षं न दिलेला अर्ज

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मला ते ऐकवणार नाही.

बोरिवलीत आमच्या मजल्याच्या टोकाला एक गॅलरी आहे. मूळ नकाशात अर्धी आमची, अर्धी शेजारच्या परबकाकांची. मी बारावीत असताना काकांनी ग्रिल ठोकून ती अख्खी आत घेतली. पप्पांनी माझ्याकडून सोसायटीच्या नावे तक्रार लिहून घेतली. "जा, सेक्रेटरीला देऊन ये!"

निघाले, तर दारातच परबकाकू!

"ये गो बाय, आंबोळी गरम आसा. हातात काय तां?"

"क-काही नाही, जर्नल!"

अर्ज गेला जर्नलमध्ये, मी गॅलरीत. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास सुटलेला असताना कोण तक्रार करेल हो? उद्या देऊ म्हटलं. पप्पांना सांगितलं, "दिला."

मग बारावी त्या गॅलरीत, बी.कॉम. त्या गॅलरीत. काकू वाती वळायच्या, मी पाठ करायचे, अडखळले की आतून काका ओरडायचे, "परत वाच!" मी दरवेळी दचकायचे. फरशीवर पडलेली ग्रिलची ती सावली अजून डोळ्यांसमोर येते.

यंदा बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. मोजणीत अख्खी गॅलरी परबांच्या नावावर! अर्धी मिळाली तर नव्या घरात मला स्वतःची खोली निघत होती. पप्पांनी मला थेट वकीलबाईंसमोर बसवलं.

"अकरा वर्षांपूर्वीच तक्रार केलीय मॅडम. हिनंच नेऊन दिली."

"झकास! पोचपावती?"

वाट लागली. रडत रडत सगळं ओकले.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "हक्क होता हो तुमचा. पण इतकी वर्षं गप्प बसलात, त्या भरवशावर त्यांनी फरशी घातली, संसार मांडला. कोर्ट विचारणार, एवढा वेळ होतात कुठे?"

"तिथेच," मी म्हटलं. "गॅलरीत."

घरी आलो. मला राहवेना, काकूंना जाऊन सगळं सांगितलं.

"अगो, तेव्हाच बोललं असतंस तर अर्धी सोडली असती! आमका वाटला, तुमका चालता. आता नव्या घरात थंय नातवाची खोली ठरली गो."

काकांनी घसा साफ केला. "गॅलरी आमच्या नावावर ठेवायला सोसायटीला शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र हवंय. तुझं अक्षर चांगलं. लिहितेस?"

लिहिलं. पप्पांनी कपाळाला हात लावत सही केली. आणि खरं सांगते, दहाव्या मिनिटाला ते पत्र सेक्रेटरीच्या हातात होतं!