वीर उघडा पडला त्या दिवसाचं जेवण

माझे वडील भिवंडीत लूमवर होते. लूमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून ते घरात दिसायचे शुक्रवारी, आणि खडखडाटाने कान गेलेले, म्हणून साधं बोललो तरी "काय?" म्हणून ओरडायचे. आई पावसाळ्यात लोकांच्या भातलावणीला जायची, एरवी टेम्पोतून कशेळीच्या गोदामात खोकी उचलायला. घराला कुडाच्या भिंती. मी कॉलेजात इतिहास घेतला तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, त्याचा उपयोग काय? आमच्यात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे उत्तर द्यायलाही मीच.

पुढे ठाण्याचे एक सर आमच्या गावात माणसं फिरवायला आणू लागले. अंबाडी नाक्यावरून आत यायचं, ओढा ओलांडून पडक्या देवळापर्यंत चालायचं आणि वाटेत 'पूर्वजांचं जीवन' अनुभवायचं. पूर्वज म्हणजे आम्ही. जिवंत, आधार कार्डासकट.

मला एकच हवं होतं. माझ्या गावाची गोष्ट माझ्या तोंडून सांगायची. सरांना म्हटलं, इतिहासात बी.ए. केलंय. "अरे वा, छान!" म्हणाले आणि पाण्याच्या आणखी दोन बाटल्या हातात दिल्या.

फेरीनंतर आमच्या अंगणात जेवण असायचं. त्याच्या सूचना आधी यायच्या: गॅस आत लपवा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या नकोत, मावशींनी नऊवारी नेसावी. आई जन्मभर सहावारीवाली. शेजारच्या म्हातारीची नऊवारी मागून आणायची आणि चुलीपुढे बसून फोटोपुरती खोकायची.

गावाच्या वेशीवर आमचा वीर आहे, लढाईत पडलेल्या कुणा माणसाचा कोरलेला दगड. त्याला आम्ही शेंदूर लावतो, नव्या भाताची पहिली लोंबी त्याला देतो. शेंदूर निघून वीर उघडा पडला, तर तो परत लावेपर्यंत वाडीत चूल पेटत नाही.

एका रविवारी सरांनी पिशवीतून तारेचा ब्रश काढला.

"सर, हात नका लावू. गावाला विचारा आधी."

"अगं, हे अज्ञानाने थापलेलं आहे. आपण वारसा मोकळा करतोय."

खरवडून खपल्या पडू लागल्या तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंना भरून आलं. आधी फोटो काढून घेतला, मग आलं.

मी बाटल्या तिथेच ठेवल्या आणि घरी जाऊन आईला सांगितलं. तिने अर्धकच्च्या भाताखालच्या लाकडांवर तांब्याभर पाणी ओतलं. शेजारच्या दोन्ही चुली विझल्या.

मंडळी आली ती हात धुऊनच.

"मावशी, ताटं घ्या!"

"जेवान न्हाय. वीर उघडा हाय."

"अहो, लोकांनी पैसे भरलेत!"

"मंग जेवा पैसे."

मागून कुणीतरी म्हणालं, "गॅसवर तरी करा काहीतरी."

"गॅस?" आई म्हणाली. "पूर्वजांकडं कुठला आला गॅस?"

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तू तरी समजाव त्यांना." मला शिक्षण आहे हे त्यांना भूक लागल्यावर आठवलं. मी म्हटलं, अंबाडीला जा, शेंदूर आणि तेल घेऊन या. गेले. स्वतःच्या गाडीने, स्वतः. तोवर मी मंडळींना वीरापाशी परत नेलं, चपला काढायला लावल्या आणि दगडावरची लढाई, त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वरची पिंड, एकेक करून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच त्यांच्याकडे.

आईने शेंदूर लावला, चुली पेटल्या, उन्हं कलताना जेवणं झाली.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. ठराव झाला: गावात फेरी आणायची तर सांगणारं माणूस गावचं हवं, आणि गावाला विचारल्याशिवाय वीराला हात लावायचा नाही. तेव्हापासून आमच्या गावातली प्रत्येक फेरी मीच नेते.