दोन तऱ्हेचे गुडघे

आईचे गुडघे पार गेले तेव्हा मी हैदराबादच्या एका दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात, पेशंटांना व्यायाम शिकवायचं काम करत होते. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमच्याकडे कृत्रिम गुडघे बसवायला सुरुवात होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि ते दोन तऱ्हेचे होते. जुना बिजागरीचा. मांडीचं हाड आणि नळीचं हाड एकाच खिळीनं जोडलेलं, दारासारखं नुसतं पुढं-मागं होणारं. नवा दोन सुट्ट्या भागांचा, वर धातूची टोपी आणि खाली प्लॅस्टिकची गादी. त्यांना धरून ठेवायचे ते आपल्याच गुडघ्याचे बंध.

दोन्हींतला कोणता चांगला, याबद्दल आमचे मोठे डॉक्टर परदेशी लेख वाचायचे. पण त्या लेखांतली माणसं खुर्चीत बसून जेवणारी. आपली माणसं जमिनीवर बसतात, ढेकळांतून चालतात. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्यांना दरवर्षी गाठून सांधा कसा चाललाय ते लिहून ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. मी बीदरकडच्या मुडबीची. मराठी, कानडी, दखनी तिन्ही बोलणारी, म्हणून बीदर-गुलबर्ग्याकडचे पेशंट माझ्या वाट्याला आले. सुट्टीला गावी निघाले की पिशवीत वही आणि कोन मोजायची पट्टी असायचीच.

आईचा जन्म लोकांच्या रानात खुरपण्यात गेला. आता तिला उंबरा ओलांडायला भावाचा खांदा लागायचा. सकाळी रानाकडं जाऊन यायचं तेही दुसऱ्याच्या आधारानं, आणि त्याची तिला फार लाज वाटायची. गुडघा बदलायचं काढलं की ती दुसरंच काही काढायची. मी तिच्या गुडघ्यांचा एक्स-रे डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, दोन्हींतला कोणताही सांधा बसेल. तू पेशंट पाहिलेत, तुला काय वाटतं? मी वही उघडून बसले. पानापानावर कोन होते. आईला सांगावं असं त्यात मला काही सापडेना.

बीदरला सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक मुसलमान गृहस्थ होते, त्यांना नवा सांधा बसवलेला. त्यांच्याकडं मी पुन्हा गेले आणि पट्टी बाहेर न काढता नुसती विचारपूस केली. नमाज आता खुर्चीवर बसून पढतो, ते म्हणाले, पण मशिदीपर्यंत एकटा चालत जातो, जिना हात न धरता उतरतो.

बिजागरीवाली पेशंट निंबर्ग्याची होती, एका शेतकरी घरातली म्हातारी. तिच्याकडं जाताना मी आईलाच बरोबर घेतलं. आळंदला बस बदलताना कंडक्टरनं आणि मी मिळून तिला पायरीवर चढवलं. त्या घरी पोचल्यावर आई अंगणातच थांबली. अशा घरांच्या अंगणात थांबायची तिच्या पायांना सवय होती. धम्माची दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती.

म्हातारी दारात आली. "आत ये की अक्का, भाईर कामून हुबारलीस?"

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली. दोघी बाजेवर शेजारी बसल्या. म्हातारीनं लुगडं वर सरकवलं, आईचा हात धरला आणि आपल्या गुडघ्यावरच्या व्रणावर ठेवला. पाय हळूहळू हलवून दाखवला. आत काहीतरी करकरत होतं, ते आईला बोटांना लागलं असावं, कारण तिनं हात दचकून उचलला आणि पुन्हा ठेवला.

म्हातारी सांगत राहिली. तीन वर्षं काही दुखलं नाही. मग नांगरटीत पाय मुरगळायला लागला. हा सांधा सरळ जातो-येतो, वळत नाही, आणि वळवला की आत हिसका बसतो. आता सैल झालाय.

"मग पस्तावलीस का?" आईनं विचारलं.

"न्हाई. तीन वर्सं मी माज्या पायानं रानात गेले. तुला नवा मिळायलाय तर नवा घे. पर मांडी घालून बसायचं इसर."

आईनं खालच्या आवाजात सकाळच्या अडचणीचं विचारलं. म्हातारी हसली आणि तिला परसात घेऊन गेली. तिथं लेकानं दोन चौथरे बांधून त्यावर मधोमध भोक कापलेली फळी टाकली होती. आई तीवर बसून, उठून पाहून आली. परतीच्या बसमध्ये तिनं मला एवढंच सांगितलं, की नवा बसवायचा.

हे सगळं मी वहीत त्यांच्याच शब्दांत लिहिलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि पेशंटांच्या कागदावर नवे प्रश्न घातले. एकट्यानं बाहेर जाता येतं का? ढेकळांत पाय वळला तर काय होतं? जमिनीवरून उठायला कोण लागतं? म्हातारीलाही त्यांनी बोलावून घेतलं आणि सैल सांधा काढून दुसरा बसवला. तो पहिल्याइतका जमला नाही, काठी कायमची आली, पण दुखणं थांबलं.

आईचा उजवा गुडघा झाला. व्यायाम मीच घेत होते, आणि तिनं मला सगळ्या वॉर्डासमोर शिव्या दिल्या. दीड महिन्यात पाय काटकोनाच्या पुढं वाकला. भावानं घरी चूल ओट्यावर चढवली आणि परसात फळी टाकली. पौर्णिमेला ती विहारात आपली आपण चालत गेली, आणि मागं भिंतीशी खुर्ची टाकून बसली.

वर्षानं मी तिला तपासणीला घेऊन गेले. डॉक्टरांनी नवे प्रश्न एकेक करून विचारले, तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी, तुम्हाला काही विचारायचं आहे का, असं ते म्हणाले.

आईनं डावा पाय पुढं केला. "ह्यो कवा करायलाव, सायेब?"