उस्तादांचा कान

गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं सांगणारा माणूस, म्हणून गॅरेजमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बोनेट उघडायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग निकाल! तीस वर्षांत तो निकाल फारसा चुकला नाही, हे मान्य करायलाच हवं. पण ताठा काय थोडाथोडका होता? स्कॅनर लावून गाडी तपासणाऱ्यांना ते 'पोपटवाले' म्हणत. पोपट चिठ्ठी काढतो, हे वाचून दाखवतात.

आणि त्यांची एकुलती एक मुलगीच स्कॅनर घेऊन आली. काम शिकली ती बापाच्याच हाताखाली, पुढे रीतसर कोर्स केला. उस्ताद कुरकुरले, पण मनातून सुखावले. गॅरेजच्या पाटीवर आपल्या नावाखाली तिचं नाव घालायचं त्यांनी कबूल केलं होतं. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणायचे. असं म्हणता म्हणता चार वर्षं झाली. पोरीने कधी तोंड उघडून विचारलं नाही, पण वाट बघत होती.

आता कानाचं कसं असतं, तो एका दिवसात जात नाही. आधी बारीक आवाज जातात. बायको म्हणायची, "अहो, दाराची बेल वाजून वाजून थकली. एकदा कान दाखवून या." यावर हे म्हणणार, "तूच पुटपुटतेस." इंजिनाची घरघर ऐकू येत होती ना, मग झालं! गॅरेजमध्ये कुणाला पत्ता लागू दिला नाही.

एक दिवस दातांच्या डॉक्टरांचा ड्रायव्हर त्यांची गाडी सोडून गेला. चढावर दम सोडते, अशी तक्रार. इंजिनात जादा हवा कोंबून गाडीला दम देणारा पंखा म्हणजे टर्बो, आणि त्याला वेस्टगेट नावाची एक झडप असते. टर्बो फिरतो तो इंजिनाच्या धुराच्या जोरावर, आणि जोर फार झाला की ही झडप जादा धूर बाजूने सोडून देते. पण तिची पिन झिजली की ती खडखडते, धड मिटत नाही, नको तेव्हा धूर गळतो आणि गाडी ऐन वेळी ढेपाळते. मुलीने स्कॅनर लावला. टर्बोचा दाब कमी. तेवढ्यावर ती थांबली नाही. इंजिन चालू ठेवून वाकली, कान दिला, मग झडपेचा दांडा पकडीने घट्ट धरला. खडखड थांबली. सोडला, पुन्हा सुरू.

"बाबा, वेस्टगेट वाजतंय. पिन गेलीय. टर्बो उतरवावा लागेल."

उस्तादांनी स्क्रूड्रायव्हर लावला. घरघर होती, बाकी काही नाही. टोक सरकवून पुन्हा टेकवलं, तरी तेच. वायरमन बघत होता, टायरवाला बघत होता.

"नुसता दांडा धरून बघा ना," ती हळूच म्हणाली.

धरला असता तर हाताला कळलं असतं हो! बहिऱ्यालाही कळलं असतं. पण चारचौघांत पोरीने शिकवायचं?

"कसला आवाज? कुठे आहे आवाज? हवेच्या नळीला भेग असेल, नळी बदल आणि गाडी सोड!"

वायरमनला खडखड स्वच्छ ऐकू येत होती. त्याने वायरींत डोकं घातलं. मुलीने नळी बदलली.

आठ दिवसांनी डॉक्टर स्वतः आले, रागाने लाल होऊन. चढावर ट्रकच्या पुढे निघताना गाडीचा दम गेला, समोरून बस. कशीबशी कडेला घातली, पण खांबावर आदळली. शेजारी बसलेल्या त्यांच्या आईचं मनगट मोडलं.

"माझी गाडी तपासली कुणी?"

उस्तादांना एक शब्द बोलायचा होता. मी. एवढंच.

"पोरीने बघितली होती," ते म्हणाले. "नवीन आहे हो अजून."

मुलीने बापाकडे पाहिलं. वायरमन वायरी सोलत राहिला.

"हो," ती म्हणाली, "मीच बघितली होती. माफ करा."

संध्याकाळी तिने स्कॅनर पिशवीत भरला आणि मावशीकडे राहायला गेली. बायकोने जेवण वाढलं, समोर बसली आणि पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली, "कान गेला, समजू शकते मी. तोंडाला काय झालं होतं तुमच्या?" उस्तादांनी ताट बाजूला सारलं.

महिन्याभराने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या गॅरेजमधून मालकाचा फोन आला. गडगडाटी आवाजाचा माणूस, शब्द न् शब्द कळत होता.

"तुमची मुलगी आलीय कामाला. टर्बोचं सगळं येतं म्हणते. डॉक्टरांच्या गाडीचं आमच्याही कानावर आलंय. ती म्हणते, बाबांनाच विचारा. तुम्ही सांगाल ते मी डोळे झाकून मानणार, उस्ताद."

बाबांनाच विचारा, म्हणाली होती पोरगी! उस्तादांना वाटलं, खरं ते सांगून टाकावं, मोकळं व्हावं. त्यांनी मान वळवली. वायरमन हातातलं काम थांबवून ऐकत होता.

"काम येतं तिला," ते म्हणाले. "पण घाई करते जरा. एखादं वर्ष इंजिनाला हात लावू देऊ नका."

"बरं झालं विचारलं. मग तूर्त गाड्या धुवायला ठेवतो. चालेल ना?"

"चालेल," उस्ताद म्हणाले.